सातव्यावरची वाळू

१२ जानेवारी

वीज मंडळात तीस वर्षं सबस्टेशनचं लॉगबुक लिहिलं. रिटायर झाल्यावर लिहायला काही उरलं नव्हतं, आता आहे. म्हणून ही डायरी.

काल नयनचा दहावा झाला. नयन माझा धाकटा भाऊ. चांगला धडधाकट गडी, सकाळी गोल्फ खेळायला गेला तो परत आलाच नाही. गोल्फ! आमच्या घराण्यात कोणी विटीदांडूच्या पुढे गेलं नव्हतं. टिटवाळ्याच्या पुढची आमची जमीन बिल्डरने घेतली, टॉवर उभे केले आणि मधोमध नऊ होलचा गोल्फ कोर्स केला. जमीन दिलेल्या प्रत्येक घराला एक मेंबरशिप फुकट. बाकीच्यांनी कार्डं कपाटात टाकली, आमचा येडा रोज जायला लागला. सातव्या होलपाशी वाळूचा मोठा खड्डा आहे, बंकर म्हणतात त्याला. तो बरोबर आमच्या उंबराच्या शेतात येतो. चेंडू त्यात पडला की नयनला तो एका फटक्यात कधी बाहेर काढता आला नाही. घरी आला की तेच पुराण. शेवटी पडला तोही तिथेच, त्या वाळूत. हार्ट.

काल काळू नदीच्या काठी पिंड ठेवला तर कावळा बाभळीवर बसून राहिला. खाली येईना. मामा म्हणाले, पोरांना शिकवू. नाही. मी म्हटलं, निशाला, म्हणजे नयनच्या बायकोला, काही कमी पडू देणार नाही. नाही. आई म्हणाली, गावदेवीची ओटी भरीन. तरी नाही. ऊन चढलं, भटजी घड्याळ बघायला लागले, कोणीतरी म्हणालं दर्भाचा कावळा करून उरका. माझं डोकंच सटकलं. मी ओरडलो, "अरे नयन्या, तुझा तो खड्ड्यातला चेंडू मी काढतो एका फटक्यात! मग तर झालं?"

कावळा सरळ खाली आला.

अख्ख्या गावाने बघितलं. आता माझी सुटका नाही.

२० जानेवारी

नयनची बॅग उघडली. काठ्या एकदम चकाचक पुसून ठेवलेल्या. एक उचलून उभा राहिलो तर काही जमेचना, तोंड भलतीकडेच. मग आठवलं, नयन डावखुरा. सगळ्या काठ्या डाव्या हाताच्या. माझ्या उपयोगाची त्यात एक नाही.

कोर्सवर सान्वी नावाची मुलगी शिकवते, डोंबिवलीची. ती म्हणाली, "काका, वाळूतून काढायला वेज लागतो, तिरप्या तोंडाची काठी. एक वेज घ्या, बाकी सेट नको." नवा केवढ्याला ते विचारलं आणि मी मान फिरवली. जमिनीचे पैसे आले तसे बंगल्यात गेले, उरलेले निशाच्या पोरांच्या नावावर आहेत, त्यांना मी हात लावणार नाही. माझ्या पेन्शनीत काय बसतं ते बघायचं.

आईचं वेगळंच. सकाळी चहा घेऊन गेलो तर उंबऱ्याकडे बघत बसलेली.

"यो बग, दारान उबा हाय," म्हणाली. "आत ये बोलतंय त येत नाय."

"कोण?"

"नयन. त्याचे पायाला वाळू हाय रं."

दारात कोणी नव्हतं. मी लादीवरून हात फिरवला. वाळू नव्हती. तरी हात झटकला.

२६ जानेवारी

मोबाईलवर जुन्या वस्तू विकायचं ॲप असतं, त्यावर वेज सापडला. डोंबिवलीचा सुश्रुत म्हणून कोणी आयटीवाला, परदेशी चाललाय, सामान काढतोय. त्याच्याकडे दोन होते, छप्पन्न डिग्रीचा आणि साठचा. मला काय कळतंय? त्याला विचारलं डिग्री म्हणजे काय. तर म्हणे काठीचं तोंड आभाळाकडे किती वळलंय ते. म्हटलं मग साठच दे, खड्ड्यातून वरच काढायचंय. दोन्हींची किंमत सारखी, आणि जास्त डिग्री मिळत असताना कमीची का घ्या? घासाघीस करून घेतला.

नयनच्या गाडीने गेलेलो. सीट त्याच्या मापाने मागे आहे, माझे पाय जेमतेम पोचतात. सरकवली नाही.

२ फेब्रुवारी

उजाडताना कोर्सवर जातो, मेंबर यायच्या आत सान्वी सोडते. आज पहिल्यांदा सातव्याच्या खड्ड्यात उतरलो. उंबर कुठे होता, बांध कुठे होता, काही म्हणता काही ओळखू येत नाही. सगळं गुळगुळीत, पांढरं.

चेंडू ठेवला, फटका मारला. काठी वाळूत घुसली ती घुसलीच, मनगटातून कळ डोक्यात. चेंडू जागच्या जागी. परत, परत, परत. दोन मोठे खळगे केले, चेंडू त्यात आणखी खाली गेला.

सान्वी म्हणाली, "काका, हा साठचा, लॉब वेज का घेतलात? आणि याचा तळ बघा केवढा बारीक. कुदळीसारखा घुसणार."

म्हटलं आम्ही कुदळच चालवलीय जन्मभर. हसली बिचारी.

ती गेल्यावर वाळू सारखी करत होतो. दाताळं असतं तिथे त्यासाठी. मागे कोणीतरी खोकलं. नयनला तंबाखूने यायचा तसा, दोनदा बारीक आणि एकदा मोठा. वळून बघितलं. कोणी नाही, टॉवरच्या काचांवर नुसतं ऊन आलेलं.

कोणी माळी असेल.

९ फेब्रुवारी

आईने मासळी सोडली. सुकटीच्या वासावर भाकरी खाणारी बाई, कालपासून नुसता भात चिवडतेय. "तो दारान उपाशी उबा, मी कशी जेवू?" डॉक्टर म्हणाले वजन उतरतंय, झोप नाही, या वयात असं चालायचं नाही. मी तिला समजावलं. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "गोप्या, तू बोललास कावळ्याला. तू काढ त्याला. गावदेवीची पालकी दारान येईल त्याचे आदी काढ. देवीला मी काय तोंड दाकवू?"

पालखी चैत्रात. म्हणजे वेळ आहे, पण आईच्या अंगात किती ताकद आहे ते कळत नाही. मला धडकीच भरली. नयन गेला, आता हीही गेली तर मी या बंगल्यात भिंतींशी बोलू?

लग्न केलं नाही त्याची कधी खंत वाटली नव्हती. नयन होता ना.

२३ फेब्रुवारी

ठाण्याला गेलो. सान्वीने पत्ता दिलेला, वॉरेन म्हणून एकजण चर्चच्या मागे घराच्या पडवीत जुन्या गोल्फच्या काठ्या दुरुस्त करून विकतो. साठीचा माणूस, बनियनवर, कानाला पेन्सिल. मी साठ डिग्रीवाला दाखवला तर कपाळावर हात मारला.

"अरे बाबा, डिग्री काय चाटायची हाय? पालथा कर त्याला." दुसरा एक घेतला, त्याचा तळ माझ्या हाताला लावला. "ह्ये पोट बघ. याला बाऊन्स बोलतात. होडीचा तळ कसा असतो, पाण्यावर सरकतो, टोचत नाय, तसा. आनि चेंडूला मारू नको. चेंडूच्या मागे वाळूला मार, वाळूच त्याला घेऊन वर येते."

छप्पन्न डिग्रीचा, पोट चांगलं फुगीर, तोंडावर गंज. गंजाला घाबरू नको म्हणाला, रेघा शाबूत आहेत का बघ, चेंडू त्यांनीच पकडला जातो. नख फिरवून बघितलं, लागत होत्या. नव्याच्या चौथाईत आला. तरी मी कमी करायला लावलेच.

नयनचं नाव काढलं तर म्हणाला, "नयन? डावखुरा? तुझा भाऊ? अरे, तो यायचा की! सातव्याचं रडगाणं सांगायचा." तो गेला म्हणून सांगितलं तेव्हा त्याने छातीवर क्रूस केला.

परत येताना गाडीत तंबाखूचा वास होता. काच खाली केली नाही.

४ मार्च

कमाल झाली. कोर्सवर सरावासाठी वेगळा खड्डा आहे, लांब फटके मारायची रेंज असते तिच्या बाजूला. नव्या वेजने तिथे चेंडू भसाभस बाहेर येतायत. सान्वीने टाळ्या वाजवल्या. मी पण जरा छाती पुढे काढली, खोटं कशाला बोलू.

मग सातव्यावर गेलो. एकही नाही.

१५ मार्च

तेच. सरावाच्या खड्ड्यात दहातले आठ. सातव्यावर शून्य. सातव्याची वाळू वेगळी असणार. खाली आमची शेताची माती आहे, चिकट, ओल धरणारी. सान्वी म्हणते, वाळू एकाच ट्रकमधली आहे काका, दोन्हीकडे.

आज तिने मोबाईलवर माझं शूटिंग केलं आणि हळू करून दाखवलं. काठी वरून येते, जोरात येते, आणि चेंडूच्या मागे वाळूला लागायच्या क्षणी मंदावते.

"तुम्ही थांबवताय, काका. शेवटच्या क्षणी हात आखडता घेताय."

"काठी जड आहे."

"तिकडे जड लागत नाही?"

पोरगी चांगली आहे पण तोंडाळ. मी तिला सांगितलं, या वेजचा बाऊन्स सातव्याला जास्त होतोय, चौपन्नचा बघायला पाहिजे.

तिला एक मी सांगितलं नाही. त्या शूटिंगमध्ये मी फटका मारून झाल्यावर डावीकडे बघून हसतो. मला आठवत नाही मी हसलो ते. पण हसायचं कारण माहितीय. डावीकडून खोकला आलेला.

२० मार्च

तो खड्ड्यातच असतो. आता मला खातरी आहे. दिसत नाही, पण मी उतरलो की डावीकडची हवा जरा गार होते, वास येतो. मी बोलतो त्याच्याशी. निशाच्या पोरांचं सांगतो, त्यातल्या विकीच्या मॅचचं सांगतो, पेपरातलं सांगतो. आम्ही दोघं आयुष्यात कधी इतकं बोललो नसू. जिवंत होता तेव्हा "जेवलास का", "गाडीची चावी कुठंय", संपलं. आता वेळेचं भान राहत नाही, सान्वीला हाक मारायला यावं लागतं.

घरी आलो की आईचा चेहरा बघवत नाही. डोळे आत गेलेत. गालाची हाडं वर आलीत. ती दारातल्याला जेवायला बोलावते आणि तो येत नाही म्हणून रडते.

२८ मार्च

निशाने आज विषय काढला. पोरांना घेऊन कल्याणला भावाकडे राहायचं म्हणते, शाळा जवळ पडेल. मी म्हटलं, आईची ही अवस्था आणि तू निघालीस?

ती कधी आवाज चढवत नाही. आज चढवला. "भाऊजी, हे गेले. मी त्यांना हाताने निरोप दिला. तुम्ही दोघं अजून त्यांना धरून बसलायत. सासूबाईंचं मी समजू शकते, त्या आई आहेत, त्यांना सुटका तरी हवीय. तुमचं काय? तुम्ही रोज चेंडू काढायला जाता की ह्यांना भेटायला?"

मी ताट सरकवून उठलो. काय बोलावं माणसाने! एवढ्या लांब ठाण्याला जाऊन काठी आणली, मनगट सुजलंय, रोज पहाटे उठतोय, ते कोणासाठी? माझ्या मजेसाठी?

वॉरेनला फोन केला, चौपन्नचा आला की कळव. बजेट तेच.

५ एप्रिल

पालखी परवा. आई आज अंथरुणातून उठलीच नाही. तोंडात पाणी घातलं ते कडेने ओघळलं. तिने डोळे उघडले आणि मला म्हणाली, "त्याला मोकला कर रं गोप्या. मना पन कर."

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडलो. उद्या काढतो. काहीही होऊ दे, उद्या काढतो.

६ एप्रिल

जसं झालं तसं लिहितो.

उजाडायला उतरलो. एकटाच, सान्वीलाही येऊ नको म्हटलं. चेंडू ठेवला. डावीकडे तो होता. मी त्याला म्हटलं, "नयन, आई जातेय. आता काढतो हां." तो खोकला नाही, काही नाही, नुसता थांबून राहिल्यासारखा वाटला.

मी आईचा चेहरा डोळ्यांसमोर आणला आणि मारला. हात थांबला नाही. वाळूचा एक पडदा वर गेला, त्यात चेंडू, अगदी अलगद, आणि वरच्या हिरवळीवर टप् करून पडला. एका फटक्यात.

आणि तंबाखूचा वास गेला.

सगळंच गेलं. डावीकडे नुसती हवा होती, साधी, सकाळची. टॉवरवर कुणाचा तरी मिक्सर चालू झाला. मी "नयन?" म्हणून हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. मग मला जी भीती वाटली ती मी आयुष्यात, अकरा हजार व्होल्टच्या लाईनवर चढतानासुद्धा अनुभवली नव्हती. माझा भाऊ मेला. महिने झाले त्याला मरून, आणि मला आज कळलं. मी लहान पोरासारखा हंबरडा फोडला.

मग माझ्या लक्षात आलं. फटका मारण्याआधी काठी मागे घेताना ती वाळूला घासली होती. बंकरमध्ये तसं चालत नाही, नियमच आहे, काठी आधी वाळूला लागली की दंड. म्हणजे फटका धरायचाच नाही. मी वर चढलो, चेंडू उचलला, खाली आणला आणि होता तिथे ठेवला. नीट बसेना म्हणून बुटाने जरा आत दाबला.

मागून खोकला आला. दोनदा बारीक, एकदा मोठा.

देवाशप्पथ, इतकं बरं वाटलं!

घरी येऊन आईला सांगितलं, "निघाला चेंडू. एका फटक्यात." खोटं नव्हतं, निघाला तर होताच. आईने मान वळवून दाराकडे बघितलं, बराच वेळ बघत राहिली, आणि तिचा चेहरा सैल झाला. "गेला," म्हणाली. "गेला माजा पोर." मग पेज मागितली.

७ एप्रिल

पालखी दारात आली. आईला निशाने आणि मी धरून उभं केलं, तिने देवीची ओटी भरली. चेहऱ्यावर तेज होतं. दुपारी तिने बोंबील मागितले आणि चवीने खाल्ले. निशा माझ्याकडे बघून म्हणाली, "भाऊजी, त्या दिवशी मी फार बोलले. माफ करा." मी म्हटलं, अगं असू दे.

सान्वीचा फोन आलेला अभिनंदनाचा. गावभर झालंय. उद्यापासून येणार नाही ना काका, म्हणाली. म्हटलं, येणार तर. आता खेळाची गोडी लागली.

१९ एप्रिल

आई ठणठणीत. निशा सुट्टीपुरती तिला आणि पोरांना घेऊन कल्याणला गेलीय. आईला दारात आता कोणी दिसत नाही, नाव काढलं तर नुसती हसते. घर रिकामं आहे, पण मला काही वाटत नाही.

मी रोज सातव्यावर जातो. नयन आता नुसता खोकत नाही, दिसतो. पहिल्यांदा दिसला तेव्हा घोट्यापर्यंत वाळूत उभा होता. मग गुडघे दिसेनासे झाले. आज कमरेपर्यंत. मी विचारलं, असा काय उभा राहतोस रे? बोलत नाही. पहिल्यापासून हट्टी. पण मला बघितलं की लगेच दोन्ही हात पुढे करतो. इतकी माया त्याने जिवंतपणी कधी दाखवली नव्हती. मी काठी बाजूला ठेवतो, वाळूत मांडी घालून बसतो आणि त्याचे हात हातात घेतो. तो गच्च धरतो, ओढतो सुद्धा. मी म्हणतो, अरे आहे, इथेच आहे, कुठे जात नाही मी.

संध्याकाळी वॉरेनचा फोन आला. चौपन्नचा एक वेज आलाय, तळ अगदी हवा तसा, बजेटात बसतोय, येऊन घेऊन जा. म्हटलं राहू दे तुझ्याकडेच, मला काही घाई नाही.